बटण गेलं कुठं?

दोस्तांनो, घरातल्या मोबाईलवर व्हॉट्सॲप असेलच. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मामा-मावश्यांचा ग्रुप... गमतीदार व्हिडिओ आला की बोट लगेच पुढे पाठवायला शिवशिवतं. पण एका वेळी पाचच ठिकाणी हं! सहावं नाव निवडायला जा, फोन ऐकतच नाही. असं का बरं?

उत्तरासाठी थोडं मागं जाऊ या. व्हॉट्सॲप २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सुरू झालं. युक्रेनमधून किशोरवयात आलेला जॅन कूम हा त्याचा कर्ता. गंमत म्हणजे, ते मुळी गप्पांसाठी नव्हतंच! आपल्या नावापुढे 'कामात आहे', 'बॅटरी संपत आली' अशी पाटी लावायची, बस्स. त्याच वर्षी जूनमध्ये आयफोनवर सूचना वाजण्याची सोय आली. कुणी पाटी बदलली, की मित्रांच्या फोनवर टिंग! मग काय, 'उठायला उशीर झाला, निघालोच' अशा पाट्या झळकू लागल्या आणि मित्र आपल्या पाटीतून उत्तरं देऊ लागले. कूमच्या लक्षात आलं, लोकांना पाटी नकोय, गप्पा हव्यात! त्यानं ॲप नव्यानं रचलं.

लोक खरोखर काय करतात ते नीट बघायचं आणि मग बदल करायचा, यालाच म्हणतात वापरकर्त्यांचा अभ्यास. शिंपीकाका माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावतात का? तसंच हे. आणि माप चुकलं तर? फेब्रुवारी २०१७ मध्ये ती जुनी पाटी काढून चोवीस तासांत नाहीशी होणारी चित्रं आणली. लोक कुरकुरले. मार्चमध्ये पाटी परत आली!

आता मात्र गंभीर गोष्ट. २०१८ साली 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' अशा अफवा देशात मोबाईलवरून पसरत होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. तिथं नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं आली होती. जमावानं त्यांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

ॲप बिघडलं होतं का? नाही. उलट ते फारच सोयीचं होतं! फोटो-व्हिडिओच्या शेजारीच पुढे पाठवायचं बटण. वाचायच्या, बघायच्या आधीच बोट पडायचं. भारतातले लोक जगात सगळ्यांत जास्त संदेश पुढे पाठवतात, असं कंपनीनंच सांगितलं. मग जुलै २०१८ मध्ये तीन बदल झाले. पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण आली. भारतात पाचांची मर्यादा आली. आणि ते शेजारचं बटण काढून टाकलं.

एरवी सुधारणा म्हणजे काम सोपं करणं. इथं मुद्दाम जरासं अवघड केलं, कारण त्या क्षणात माणूस विचार करू शकतो. सहा महिने परिणाम पाहून जानेवारी २०१९ मध्ये पाचांची मर्यादा जगभर लागू झाली. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनं सांगितलं.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! जरा गणित करा. तुम्ही पाच जणांना पाठवलं, त्या प्रत्येकानं आणखी पाचांना... ५, २५, १२५, ६२५. पाचव्या फेरीला ३१२५! शिवाय संदेश खरा की खोटा, हे ती खूण सांगतच नाही. ते आपणच बघायचं. आईबाबा, तुम्हीसुद्धा बरं का!

या रविवारी घरी अभ्यास करून पाहा. आजी किंवा आजोबा संदेश पुढे पाठवतात तेव्हा शेजारी बसा. मध्ये बोलू नका, शिकवू नका. बोट कुठं अडखळतं? पाठवण्याआधी पूर्ण वाचलं का? खूप फिरलेल्या संदेशावरचे दोन बाण दिसले का? वहीत लिहून ठेवा. मग विचारा, ते बाण कशासाठी असतील, असं त्यांना वाटतं?