कुर्ल्याचा दगड, विजापूरची कमान, निमरूदचा राजा

मुंबईकराच्या लेखी कुर्ला आणि मालाड म्हणजे लोकलची स्टेशनं. शंभर वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला मात्र ही नावं खाणींमुळे ठाऊक होती. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट, या दोन दगडांत काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय उभं आहे. जुनी माणसं आजही त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात.

रंगाने इतके वेगळे असले, तरी दोन्ही दगड ज्वालामुखीचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला आणि बहुतेक ठिकाणी थिजून त्याचा काळा बेसॉल्ट झाला. मुंबईच्या पट्ट्यात मात्र या उलथापालथीच्या उत्तरार्धात सिलिका जास्त असलेला शिलारसही वर आला. लोह आणि मॅग्नेशियम घटलं, सिलिका आणि फेल्डस्पार वाढलं की दगड उजळ होतो. म्हणजे इमारतीच्या भिंतीत मुंबईच्या भूगर्भाचे दोन अध्याय शेजारी शेजारी रचलेले आहेत.

पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. १९०९च्या खुल्या स्पर्धेत वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा निवडला गेला. पुढे गेटवे ऑफ इंडियाही त्यानेच रेखाटलं. १९१४ साली इमारत तयार झाली, पण तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि मूर्तींच्या आधी इथे जखमी सैनिक आले. संग्रहालयाऐवजी लष्करी रुग्णालय! प्रेक्षकांसाठी दारं उघडली ती थेट १० जानेवारी १९२२ रोजी.

आत शिरल्यावर मधल्या दालनात थांबून वर पाहावं. खाली जैन मंदिरांच्या धाटणीचे खांब, त्यावर मराठी वाड्यात शोभावेत असे लाकडी सज्जे आणि कठडे, आणि सगळ्यांच्या वर घुमट. बाहेरून पाहताना तो गोवळकोंड्याच्या घुमटांची आठवण देतो, पण आतली युक्ती विजापूरची, गोलघुमटाची आहे.

युक्ती कसली? दालन चौकोनी आणि घुमट गोल. मग चार कोपऱ्यांवर घुमट टेकवायचा कशावर? आदिलशाही गवंड्यांनी एका चौरसावर दुसरा चौरस तिरपा फिरवून ठेवावा तशा आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या. कमानी वर चढतात तशी मधली मोकळी जागा आकसत जाते, चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्यावर वर्तुळ सहज बसतं. दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. घुमटाचं वजन त्याच्या बुडाला बाहेर रेटत असतं. आत झुकलेल्या या बांधकामाचा भार त्या रेट्याला आवर घालतो. १६५६मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशाहाच्या कबरीवर सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट या हिशेबावरच तोलला आहे.

विजापूरची कमान मुंबईत येण्यात तेव्हा नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. विजापूर मुंबई इलाख्यातच होतं. हा इलाख्याचा नकाशा डोळ्यांसमोर धरला की संग्रहाची अर्धी कोडी आपोआप सुटतात.

इलाख्यातल्याच ऐहोळेच्या हुच्चप्पय्या मंदिरातले शिल्पपट घ्या. कमळासनावरचा ब्रह्मा, शेषाच्या वेटोळ्यांवरचा विष्णू, पार्वतीसह शिव. चालुक्यकाळात हे पट देवळाच्या छतात बसवलेले होते. भक्ताला ते मान वर करून, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात जेमतेम दिसत असणार. आपल्याला मात्र ते समोरासमोर न्याहाळता येतात. मूळच्या भक्ताला न मिळालेलं दर्शन आपल्याला मिळतं. पण डोक्यावर आभाळासारखा देव असल्याची जाणीव मात्र आपल्या वाट्याला येत नाही.

सिंधमधलं मीरपूर खासही इलाख्यातलंच. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होता. तिथल्या विटांच्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन हेन्री कझिन्स यांनी केलं आणि भाजक्या मातीच्या बुद्धप्रतिमा इथे आल्या. विजापूरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे कझिन्स ते हेच. सिंधच्या सपाटीत चांगला दगड दुर्मीळ, म्हणून शिल्पकारांनी मातीलाच दगडाचा मान दिला. ओठांची कड, वस्त्राच्या चुण्या, कोवळ्या मातीत काढलेल्या या रेषा दीड हजार वर्षं टिकल्या आहेत.

इलाख्याचा नकाशा जिथे संपतो, तिथून बंदर सुरू होतं. असुर साम्राज्यातल्या निमरूदच्या राजवाड्याचे शिल्पपट इथे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे उत्खनन झालं, तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून हे अवजड दगड टायग्रिसमधून बसऱ्याला जात, तिथून बोटीने मुंबईला आणि मग आफ्रिकेला वळसा घालून लंडनला. त्या वाटेवरचे काही पट मुंबईतच राहिले. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला राजा असुरनासिरपाल ज्या भिंतींआड दरबार भरवी, तिथले दगड असे आपल्याकडे आले.

टाटा बंधूंचा संग्रह आला तो आणखी वेगळ्या वाटेने. सर रतन टाटांच्या मागे १९२१-२२मध्ये आणि सर दोराबजींच्या मागे १९३३मध्ये त्यांचे खासगी संग्रह इथे दाखल झाले. युरोपीय तैलचित्रं आणि चिनी-जपानी कलावस्तू एका भारतीय संग्रहालयात कशा, याचं उत्तर या दोन भावांच्या आवडीत आहे.

म्हणून इथे फिरताना पाटीवर देवाचं किंवा राजाचं नाव वाचून लगेच पुढे सरकू नये. त्याखालची गावाची आणि देणगीदाराची ओळही वाचावी. वस्तू कोणत्या सरकारच्या हद्दीत सापडली, कोणत्या बोटीच्या वाटेवर होती, कोणाच्या दिवाणखान्यातून आली, हे त्या दोन शब्दांतून कळू लागतं. आणि मग एकेका दालनाला अर्धा दिवसही पुरत नाही.