उरलेले पंच्याण्णव टक्के

2 ऑक्टोबरची ग्रामसभा साडेदहाची. आता पावणेबारा होत आलेत. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, त्यात बाजरीची काढणी, त्यामुळे मारुतीच्या सभामंडपात माणसं सावकाश जमतायत. सह्यांचं रजिस्टर हातोहात फिरतंय. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा भरला की गणपूर्ती. दोघंजण सही करून तसेच रानाकडे वळतात. त्यांना कुणी अडवत नाही.

भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा वाचतायत. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छता. अबंधितातून पेव्हर ब्लॉक, गटार, स्मशानभूमीचं शेड. माना डोलतात. सिमेंटला विरोध कोण करणार? त्याच सुरात पुढची ओळ येते: "दिव्यांग कल्याण, स्वउत्पन्नाच्या पाच टक्के. घरपट्टी-पाणीपट्टी धरून सहा लाख, त्याचे तीस हजार. नोंदणी सतरा. दरवर्षीप्रमाणे दिवाळीला वाटप."

माणशी 1,764 रुपये. भाऊसाहेब पान उलटणार, तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक बाई उठते.

"मला दिवाळीचं नको, भाऊसाहेब. पोरीला साडेअकराला बाथरूमला न्यायला शाळेत मानूस द्या."

मुलगी तिसरीत आहे. सेरेब्रल पाल्सी. पाढे वर्गात सगळ्यांत आधी तिचे पाठ होतात, हे गुरुजी मागून सांगतात. आई रोज खुरपणीतून उठून शाळेत जाते, लेकीला नेते, परत बसवते. मधेच उठून जाणाऱ्या बाईला पूर्ण दिवसाची मजुरी कोण देणार?

"अगं, रॅम्प बांधलाय की शाळेला," सरपंचताई म्हणतात.

गटातल्या बारा शाळा फिरणाऱ्या विशेष शिक्षिका आज सुट्टी असूनही आल्यात. त्या वहीतला कागद उघडतात. "ताई, व्हरांडा दीड फूट उंच. फूटभर चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे अठरा फूट पाहिजे. आपला रॅम्प सहा फुटांचा आहे. आणि संडासाच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही."

तो रॅम्प मी सकाळीच पाहिलाय. पोरं त्यावर घसरगुंडी खेळत होती, आणि तेवढ्यासाठी तो उत्तम आहे.

रॅम्प वाढवणे, दार रुंद करणे, दोन्ही कामं दोन मिनिटांत मंजूर होतात. घोडं अडतं ते माणसावर.

"वित्त आयोगातून पगार, मानधन काही देता येत नाही," भाऊसाहेब सांगतात. हे खरंच आहे. "समग्र शिक्षातून मदतनीस भत्ता मिळतो ना?"

"मिळतो, पालकाच्या खात्यावर, येईल तेव्हा," शिक्षिका म्हणतात. "मुलीला रोज साडेअकराला जावं लागतं."

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. पण मोजमाप पुस्तिकेत रॅम्प चढतो, उचलून नेणारे दोन हात चढत नाहीत. भाऊसाहेब दुष्ट नाहीत. त्यांना बांधकामाचा आराखडा करायची सवय आहे, एवढंच.

कुणीतरी तोडगा काढतं, खिचडी शिजवणाऱ्या अक्कांनाच सांगा. अक्का समोरच बसल्यात. "अडीच हजारात चूल माझी, भांडी माझी. आता हे बी? करीन की, पोर काय परकी न्हाई. पर फुकाट न्हाई."

बोलून बोलून महिना हजारावर ठरतं. शाळेचे दहा महिने, दहा हजार.

"दिव्यांगच्या तीस हजारातून टाकू," सरपंचताई मोकळ्या होतात.

"म्हंजे आमचं सहाशे गेलं," मागून आवाज येतो. उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेले आबा कुबडीवर रेलून उठतात. भाऊसाहेब मोबाइलवर भागाकार करतात: 588. आबांचा हिशेब जवळजवळ बरोबर. "लंगड्याचं काढून लंगड्या पोरीला द्यायचं व्हय? पाच टक्क्यातच का मारामारी? राहिलेलं पंच्याण्णव कुठं जातंय, ते वाचा की."

आराखड्यावर आज विचारलेला हाच एक नेमका प्रश्न, असं मला वाटतं. दिव्यांगाची गरज दिव्यांगाच्याच रकान्यातून भागवायची, हे कुणी ठरवलं? शाळा गावाची, पटावरची पोरगीही गावाचीच.

भाऊसाहेब मागची पानं उलटतात. दिवाबत्ती. शिपायाचा पगार. पाणीयोजनेचं वीजबिल. मोटरदुरुस्ती. "सत्कार व समारंभ, चौदा हजार."

मंडपात हशा पिकतो. सरपंचताई हसत नाहीत. गेल्या वर्षी आमदारांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांना शाली त्यांच्याच हातून गेल्यात. क्षणभर त्या पदराशी चाळा करतात.

"नारळ ठेवा," त्या म्हणतात, "शाली बंद. दहा हजार तिथनं घ्या."

भाऊसाहेब ठराव लिहायला घेतात. सूचक म्हणून आईचं नाव पडतं. "अनुमोदक?"

"माझं लिवा," आबा खाली बसता बसता म्हणतात. "न्हाई तर मला कधी शाल घातलीय कुनी?"