आधी भाव विचारला की उत्तर बदलतं, मग आपला मेंदू ‘क्वांटम’ आहे का?

समजा, आर्वीच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला तुम्ही विचारलं, “काकाजी, यंदा साल कसं गेलं?” आणि मग, “कापसाले भाव कसा भेटला?” दुसऱ्या एका काकाजींना हेच प्रश्न उलट क्रमाने विचारले. भावाचा विषय आधी निघाला, की सालाबद्दलचं उत्तरही त्याच रागात येण्याची शक्यता जास्त. प्रश्न तेच, क्रम बदलला.

हे मोजलेलंही आहे. 1997 मध्ये अमेरिकेत गॅलपने लोकांना विचारलं, बिल क्लिंटन प्रामाणिक आहेत का? आणि अल गोर? क्लिंटनबद्दल आधी विचारलं तेव्हा 50 टक्के लोकांनी त्यांना प्रामाणिक म्हटलं, गोर यांना 68 टक्के. गोरबद्दल आधी विचारलं तर गोर 60 वर घसरले, क्लिंटन 57 वर चढले. 18 चा फरक थेट 3 वर!

आता इथे क्वांटम कुठून आलं? तर क्वांटम विश्वातही आधी काय मोजलं यावर पुढच्या मोजणीचं उत्तर अवलंबून असतं, कारण मोजल्यानेच कणाची अवस्था बदलते. झेंग वांग आणि जेरोम बुसेमायर या संशोधकांनी तेच गणित माणसांच्या उत्तरांना लावलं. त्यातून एक भाकीत निघालं: क्रम कोणताही असो, दोन्ही प्रश्नांना ‘हो-हो’ किंवा ‘नाही-नाही’ म्हणणाऱ्यांचं एकत्रित प्रमाण तेवढंच राहील. 2014 मध्ये अमेरिकेतल्या 70 राष्ट्रीय सर्वेक्षणांवर ते तपासलं गेलं आणि बऱ्यापैकी खरं ठरलं.

म्हणजे आपल्या डोक्यात क्वांटम कण निर्णय घेतात? नाही. त्या दोघांचा तसा दावाच नाही, गणित तेवढं उसनं घेतलंय. चक्रवाढ व्याजाचं सूत्र जिवाणूंच्या वाढीलाही लागू पडतं, म्हणून जिवाणू काही बँकेत खातं काढत नाहीत.

असं साम्य निर्जीव वस्तूंतही दिसतं. 2005 मध्ये पॅरिसमध्ये ईव्ह कुडे यांच्या टीमने थरथरणाऱ्या तेलावर तेलाचाच थेंब नाचवला. तो स्वतःच उठवलेल्या लाटांवर चालायला लागला, कण आणि लाट एकत्र असल्यासारखा. पुढच्याच वर्षी, दोन फटींच्या प्रयोगातही तो इलेक्ट्रॉनसारखा वागतो, असं त्यांनी सांगितलं. नंतर इतरांनी काटेकोरपणे प्रयोग केला, तर तो नक्षीदार निकाल आलाच नाही. यातल्या एका टीममध्ये टोमास बोर होते, म्हणजे क्वांटमवाल्या नील्स बोर यांचे नातू!

‘क्वांटमसारखं’ आणि ‘क्वांटम’ यातला फरक फॉरवर्डमध्ये मात्र गायब होतो आणि मग ‘क्वांटम एनर्जी’चे लॉकेट विकले जातात. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशा 10 वस्तू तपासल्या, त्यात ‘क्वांटम’ पेंडंटही होतं. त्या चक्क किरणोत्सर्गी निघाल्या. अंगावर घालू नका, काढून सुरक्षित जागी ठेवा, असं तिथल्या लोकांना सांगावं लागलं.