आजीचं औषधांचं कपाट आवरताना

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपतं, पाहुणे परततात आणि मग कपाटं आवरायचं काम उरतं. साड्या, भांडी, पुस्तकं घेणारं कोणीतरी भेटतं. औषधांच्या कपाटाचं काय करायचं, हे मात्र कोणालाच माहीत नसतं.

इंदूरला आमची आजी गेली, तेव्हा तिच्या कपाटातून गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या, इन्सुलिनच्या सुया, दम्याचा पंप, पाऱ्याचा थर्मामीटर, आजोबांच्या वेळचं रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र, कानाच्या मशीनचे सेल आणि एक्स-रेचा गठ्ठा निघाला. काकांनी सगळं एका काळ्या पिशवीत भरून सकाळच्या कचरागाडीसाठी दाराशी ठेवलं. आईनं ती पिशवी आत आणली. "अहो भावजी, यातली सुई कोणाच्या हातात घुसली तर?" एवढंच ती म्हणाली.

आपलं शहर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, ते कचरा हातानं वेगळा करणाऱ्या माणसांच्या जोरावर. वापरलेल्या सुईतून कावीळ 'बी' आणि 'सी' किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. म्हणून आम्ही पिशवी जमिनीवर ओतली आणि एकेक वस्तू वेगळी केली.

सुया : सुईला परत टोपण लावू नका, तसं करताना ती टोचू शकते. फिनाइलची किंवा तशीच जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, सुया त्यात टाका, झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि वर ठळक अक्षरांत 'सुया' असं लिहा.

गोळ्या-औषधं : बेसिनमध्ये किंवा नाल्यात ओतू नका. प्रतिजैविकं पाण्यात गेली की त्यांना दाद न देणारे जंतू वाढायला मदत होते. पट्टीवरचं नाव आणि तारीख पेननं खोडा, म्हणजे ती कोणी पुन्हा विकणार नाही. मुदत शिल्लक असलेली न कापलेली पट्टी बिलासह नेली तर काही दुकानदार परत घेतात. शेजारच्या काकूंना 'तुम्हालाही बीपी आहेच ना' म्हणून मात्र देऊ नका. मॉर्फिन, फेंटानिलसारखी तीव्र वेदनाशामकं याला अपवाद आहेत. चुकून दुसऱ्या कोणी घेतली तर जीव जाऊ शकतो, म्हणून केंद्रीय औषध नियामक संस्थेनं २०२५ मध्ये अशा १७ औषधांची यादी देऊन ती संडासात टाकून फ्लश करायला सांगितलं आहे.

पारा : थर्मामीटर फुटला तर मुलांना खोलीबाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्यानं पारा आणखी पसरतो. हातातल्या सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या काढा, कारण पारा सोन्याला चिकटून ते खराब करतो. हातमोजे घालून, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करा आणि थोडं पाणी असलेल्या झाकणाच्या बरणीत ठेवा. रक्तदाबाच्या यंत्रात थर्मामीटरच्या कितीतरी पट पारा असतो. ते उघडून बघू नका, पेटीसकट वेगळं द्या.

दम्याचा पंप : डबी रिकामी वाटली तरी आत दाब असतो. तिला भोक पाडू नका, जाळू नका.

बटणासारखे सेल : लहान मुलानं गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते डबीत ठेवा.

एक्स-रे : जुन्या फिल्मवर चांदीचा अंश असतो, म्हणून काही भंगारवाले त्या विकत घेतात. नाव-पत्ता असलेला कोपरा आधी कापून टाका.

हे सगळं द्यायचं कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी जुनी औषधं, सुया, फुटलेले थर्मामीटर, सेल यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं आणि तो गोळा करायला दर वीस चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारायची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. इंदुरात गाडीलाच त्यासाठी वेगळा कप्पा असतो. बेळगाव, वडोदरा, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागाच्या कार्यालयात 'घातक कचरा कुठे द्यायचा' असं नेमकं विचारावं.

दुसऱ्या दिवशी आईनं सुयांची बाटली गाडीवाल्या भैयांच्या हातात दिली आणि आत काय आहे ते सांगितलं. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, असं सांगून देणारे फार थोडे. आजीचा वॉकर आणि काठी मात्र आम्ही टाकली नाही. गल्लीतल्या एका आजोबांना दोन्ही कामी आली.

आता दर दिवाळीच्या साफसफाईत माळ्याच्या आधी औषधांचा डबा निघतो. मुदत संपलेलं बाजूला होतं, आणि आई-बाबा नेमकी कोणती गोळी घेतात तेही आम्हां मुलांना कळतं. आजीच्या वेळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं.