खरी 'थार ७००' ओळखायची कशी, आणि तिचा कंपनी पेंट वाचवायचा कसा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा वाचायचा अवतार. रेकॉर्डिंगमधलं माझं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय आणि आकडे नीट लिहिलेत. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा हे पान फोनवर उघडं ठेवा, उपयोगी पडेल.

तर झालं असं. एका रविवारी सकाळी मावसभावाचा फोन. "दादा, थार ७०० मिळतेय! काळी. साध्या थारपेक्षा दीडच लाख जास्त मागतायत. येतोस का बघायला?" पोरगा तीन वर्षं पैसे साठवत होता. मी काही मेकॅनिक नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण माझ्याकडे एक मायक्रॉन मीटर आहे आणि संशय घ्यायची सवय आहे. म्हटलं, चल.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जून २०१९ मध्ये महिंद्राने जुन्या पिढीच्या थारला निरोप द्यायला ही स्पेशल एडिशन काढली. फक्त ७०० गाड्या. एक्स-शोरूम किंमत ९.९९ लाख. रंग दोनच, नॅपोली ब्लॅक आणि अ‍ॅक्वामरीन. आनंद महिंद्रांच्या सहीचा बॅज, बाजूला आणि बोनेटवर खास स्टिकर, पाच आऱ्यांची १५ इंची अलॉय चाकं, पुढची काळी जाळी, सीटवर थारचा लोगो, शिवाय एबीएस. इंजिन तेच २.५ लिटरचं सीआरडीई. म्हणजे चालवायला गाडी नेहमीचीच. वेगळेपण सगळं अंगावर घातलेलं.

आणि गोची तिथेच आहे. वर जी यादी दिली ना, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बाहेरून आणून लावता येते. स्टिकर कोणीही कापून देतो, चाकं मिळतात, सीट कव्हर शिवून मिळतं, बॅजची नक्कल होते. त्यात काळा रंग साध्या थारलाही होताच. एक काळी थार घ्या, वर सामान चढवा, झाली '७००'.

आमच्याच फील्डमधलं उदाहरण देतो. बॅज आणि स्टिकर म्हणजे स्क्रीनवर दिसणारं यूआय. आपल्याला बघायचाय मागचा डेटाबेस. गाडीत तो दोन ठिकाणी असतो, कागदांत आणि रंगात.

कागद आधी, कारण फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतं. आरसीवर बनवल्याचा महिना-वर्ष बघा आणि पासिंगची तारीख बघा. थार ७०० आली जून २०१९ ला, आणि ती बीएस ४ गाडी. ३१ मार्च २०२० नंतर बीएस ४ गाड्यांचं पासिंग बंद झालं. म्हणजे खऱ्या गाडीचं पासिंग साधारण या नऊ-दहा महिन्यांच्या खिडकीतच हवं. मग चेसिस नंबर. १७ अक्षरांचा असतो. महिंद्राचा 'एमए१' ने सुरू होतो, आणि डावीकडून दहावं अक्षर वर्ष सांगतं. 'एच' म्हणजे २०१७, 'जे' म्हणजे २०१८, 'के' म्हणजे २०१९. ('आय' वापरत नाहीत, १ सारखा दिसतो म्हणून.) हा नंबर आरसीवरून वाचू नका. गाडीच्या चेसिसवर ठोकलेला असतो तिथे टॉर्च मारून वाचा, आणि मग आरसीशी जुळवा.

अजून एक कागद, जो कोणी मागतच नाही. फॉर्म २१. नवी गाडी विकताना डीलर देतो ते सेल सर्टिफिकेट. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि बॉडीचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. पहिल्या मालकाच्या फाइलमध्ये हा आणि मूळ बिल सापडलं, तर अर्धी लढाई जिंकलात.

आमच्या काळ्या गाडीचं काय झालं? दहावं अक्षर 'जे' निघालं. २०१८! एडिशन जाहीर व्हायच्या कित्येक महिने आधीची गाडी. विकणारे काका म्हणाले, "अहो, शोरूमनेच नंतर किट लावून दिलं होतं." असेलही. पण मग ती थार ७०० नाही, किट लावलेली थार आहे. दीड लाख कशाचे?

एबीएसबद्दल एक सावधगिरी. एप्रिल २०१९ पासून चालू मॉडेलच्या गाड्यांनाही एबीएस सक्तीचं झालं होतं. त्यामुळे एबीएस नसेल तर गाडी ७०० नाही हे नक्की, पण असेल म्हणून ती ७०० ठरत नाही. अशा खुणा नापास करायला चांगल्या, पास करायला नाहीत.

आता रंग. हा माझा आवडता भाग, त्यामुळे जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा आधी रसायनाच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडून त्यावर पहिला थर चढवतात, ई-कोट. कानाकोपऱ्यात, पोकळीत, सगळीकडे तो पोचतो. मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट, आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. अंदाजे जाडी अशी धरा: ई-कोट २० मायक्रॉन, प्रायमर ३०, बेस १५, क्लिअर ४०. सगळे मिळून १०० च्या थोडं वर. प्रिंटरमधला एक साधा ए-४ कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग एका कागदाएवढा!

हे थर कारखान्यात १४० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजले जातात. गॅरेजमध्ये तसं करता येत नाही, कारण तोवर गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. म्हणून तिथे हार्डनर मिसळलेला पेंट मारून बूथमध्ये ६०-७० अंशांपर्यंतच तापवतात. चांगल्या पेंटरचं काम सुंदर दिसतं, टिकतंही. पण कंपनीचा थर एकदा गेला की परत येत नाही, जगातल्या कुठल्याही बूथमध्ये नाही.

म्हणूनच रंग हा पुरावा आहे. मीटर लावल्यावर कंपनी पेंट साधारण १०० ते १६० मध्ये वाचतो. २०० च्या वर गेला की दुसऱ्यांदा मारलेला असण्याची शक्यता खूप. ५०० च्या पुढे गेलात तर खाली लांबी भरलेली आहे, म्हणजे पत्रा ठोकलेला. पण एका आकड्यावर निकाल देऊ नका. प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी मोजा आणि डावा मडगार्ड उजव्याशी ताडून बघा. प्लास्टिकच्या भागावर हे मीटर चालत नाही, तिथे उगाच घाबरू नका.

मीटर नसेल तर बोटं आहेतच. दाराच्या चौकटीत, पेट्रोल-डिझेलच्या झाकणाखाली, बोनेटच्या आतल्या कडेला नखं फिरवा. मास्किंग टेप लावून रंग मारला असेल तर एक बारीक पायरी नखाला लागते. रबरांवर रंगाचा धुरळा बसलाय का बघा. मडगार्डच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग तडकलाय का बघा. तडकला असेल तर पाना लागलाय. अ‍ॅक्वामरीन गाडी असेल तर ही तपासणी जास्तच कामाची. बाहेरून निळी आणि कोपऱ्यात दुसराच रंग डोकावत असेल तर विषय संपला. आणि स्टिकरची कड बघा. २०१९ पासून चिकटलेल्या स्टिकरच्या कडेला धूळ-मेणाची रेघ धरते. कालच लावलेला स्टिकर मात्र स्वच्छ असतो, तोही जुन्या ओरखड्यांच्या वर बसलेला.

काळी गाडी सोडली. भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. दोन महिन्यांनी अ‍ॅक्वामरीन सापडली, पहिल्या मालकाकडे. फाइलमध्ये फॉर्म २१, मूळ बिल, सगळं. दहावं अक्षर 'के'. मीटरवर जवळजवळ सगळीकडे ११० ते १४०. फक्त डाव्या मडगार्डवर २३०. मालक स्वतःहून म्हणाले, "तिथे बाइकवाल्याने घासलं होतं, रंगवून घेतलंय." असा माणूस भेटला की निम्मं टेन्शन जातं. गाडी घेतली.

आणि घेतल्या घेतल्या आमचे साहेब म्हणतात, "बोनेट फिकं दिसतंय, दारावर ओरखडे आहेत. फुल बॉडी पेंट मारून टाकू!" मी म्हटलं, थांब रे बाबा. ज्या थरामुळे ही गाडी खरी आहे हे आपल्याला कळलं, तोच तू घासून काढणार? उद्या तू विकायला काढलीस की समोरचा मीटर लावणार आणि सगळीकडे २५० बघून तुला तेच विचारणार जे आपण त्या काकांना विचारलं.

मग आम्ही बसून ठरवलं, कमीत कमी किती करायचं. आधी गाडी धुऊन प्रत्येक पॅनलचे फोटो आणि मीटरचे आकडे एका शीटमध्ये टाकले. (हो, शीट. सवय जात नाही.) मग एकेका ओरखड्यावर पाणी टाकून बघितलं. ओला झाल्यावर ओरखडा दिसेनासा झाला आणि नख अडकलं नाही, तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे, पॉलिशने जातो. नख अडकत असेल तर खोल आहे.

फिकं बोनेट पॉलिशनेच बरंच उजळलं. पण इथे माझी एक जुनी चूक कबूल करतो. स्वतःच्या पहिल्या गाडीवर मी भाड्याचं मशीन आणून बोनेटच्या कडेवर इतका वेळ कॉम्पाउंड फिरवलं की क्लिअर उडून आतला रंग पॅडवर आला. एकूण क्लिअर ४० मायक्रॉन. ऊन अडवणारं रसायन त्यातच असतं, त्यामुळे पाच-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढणं म्हणजे रंगाचं छप्पर काढणं. कडांवर थर आणखी पातळ. म्हणून कडांना टेप लावा, आधी सर्वात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड, आणि मध्ये मध्ये मीटर.

दारावरचे दोन ओरखडे खोल होते, एकात पत्रा दिसत होता. तिथे टचअप. गंज असेल तर तेवढाच टोकाने खरवडून काढायचा, त्यावर एपॉक्सी प्रायमरचा ठिपका, मग बारीक ब्रशने किंवा टूथपिकने रंगाचे पातळ थर, प्रत्येक थर वाळू देत. शेवटी क्लिअर, तो आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवायचा. काही दिवस पूर्ण कडक होऊ द्यायचा आणि मग २००० व ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी घेऊन, छोट्या ठोकळ्यावर फक्त तो उंचवटा सपाट करायचा. कंटाळवाणं काम आहे. दोन शनिवार गेले. पण दाराचा बाकीचा सगळा रंग कंपनीचाच राहिला.

मागच्या बाजूला एक छोटा पोचा होता, रंग न तुटलेला. तो पेंट न करता आतून रॉडने हळूहळू दाबून काढणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे दिला. लांबी नाही, रंग नाही.

राहिला तो आधीच रंगवलेला डावा मडगार्ड. उन्हात त्याची छटा दाराशी जुळत नव्हती. तो आधीच ओरिजिनल नव्हता, मग नीट रंगवायला काय हरकत? आमच्या पेंटर मिस्त्रींना आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर नमुना मारायला सांगितला आणि तो भर दुपारी गाडीशेजारी धरला. कोड एकच असला तरी सहा-सात वर्षं ऊन खाल्लेल्या गाडीची छटा सरकलेली असते. मिस्त्री तिसऱ्या नमुन्याला म्हणाले, "आता बसला." पेंटरला रंग शेजारच्या पॅनलवर थोडा विरवत न्यायची सवय असते, जेणेकरून फरक डोळ्याला कळू नये. एरवी ते बरोबरच आहे. पण इथे शेजारचं दार ओरिजिनल, त्यामुळे आम्ही मिस्त्रींना हात जोडून सांगितलं की दाराला हात लावू नका, मडगार्डवरच थांबा. अगदी निरखून बघितलं तर छटेत केसाएवढा फरक आहे. तो चालेल.

मडगार्ड रंगवताना बॅज किंवा स्टिकर आड येत असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने गरम करायचं आणि मागून मासे पकडायची तंगूस करवतीसारखी ओढायची. आणि नव्या रंगावर लगेच पीपीएफ चढवू नका. पेंट पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो, आणि कच्च्या रंगावरची फिल्म पुढे काढताना रंग घेऊन येते.

मिस्त्रींचं बिल, आधीचे-नंतरचे फोटो आणि मीटरची शीट, सगळं फॉर्म २१ च्याच फाइलमध्ये लावलंय. डाव्या मडगार्डसमोर स्पष्ट लिहिलंय: 'दोनदा रंगवलेला.' भाऊ म्हणाला, "दादा, हे कशाला लिहायचं? किंमत कमी होईल." मी म्हटलं, त्या गाडीच्या मालकांनी आपल्याला हेच सांगितलं होतं, म्हणून तर आपण घेतली. यावर तो काही बोलला नाही. पण फाइल आता त्याच्याच कपाटात असते, आणि गाडी बघायला आलेल्या प्रत्येक मित्राला तो आधी मडगार्ड दाखवतो.