कॅसेटच्या पोटात कोण बसलंय?

मामाला एकदा विचारून बघा, "तुझ्या लहानपणी '९९९९ इन १' कॅसेटमध्ये खरंच ९९९९ गेम होते का रे?" मग मारिओ, काँट्रा असं जे सुरू होईल, ते ताटातली भाजी गार होईपर्यंत थांबायचं नाही.

या गेमच्या कॅसेट ज्यात घालायच्या, ते टीव्हीला जोडायचं मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डोचं, १९८३ सालचं 'फॅमिकॉम'. भारतात ते 'सामुराई' नावानं विकलं गेलं, पण १९९० च्या दशकात घराघरांत पोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. आणि ९९९९ गेम? छे! मोजकेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. शुद्ध फसवणूक, पण पोरं खूश!

खरी गंमत पुढे आहे. या यंत्राच्या प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्राम एका वेळी फक्त ३२ किलोबाइट दिसतो. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा प्रोग्राम बरोबर तेवढाच. १९८८ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा मात्र २५६ किलोबाइट, म्हणजे आठपट! मग तो चालतो कसा?

अंकुशनगरच्या दोस्तांना हे चटकन कळेल. अंबड तालुक्यातल्या या गावात 'समर्थ' सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात आवारात उसाच्या गाड्यांची ही भली मोठी रांग लागते, पण गव्हाणीत ऊस पडतो तो मावेल तेवढाच. नंबर पुकारला की पुढची गाडी हलते. मारिओ ३ च्या कॅसेटमध्येही असाच नंबर पुकारणारा बसलाय. त्याचं नाव एमएमसी ३ चिप. प्रोसेसरनं सांगितलं की ती आठ-आठ किलोबाइटचे तुकडे अदलाबदल करून त्याच्यापुढे ठेवते.

ही चिप आणखी एक काम करते. मारिओ धावतो तेव्हा मागचे डोंगर सरकतात, पण खालची गुणांची पट्टी जागची हलत नाही. जुना टीव्ही चित्र काढतो ते एकेक आडवी ओळ ओढत, वरून खाली. चिप त्या ओळी मोजत बसते. ठरलेली ओळ आली रे आली की प्रोसेसरला ढोसते. तो हातातलं काम टाकून पट्टी जागेवर धरतो. हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा! गणती एका ओळीनंही हुकली तर पट्टी थरथरायला लागते.

आता जुन्या यंत्रांचे शौकीन फ्लॅश कॅसेट वापरतात. मेमरी कार्डात गेमच्या फाइली भरायच्या, कार्ड कॅसेटमध्ये, कॅसेट यंत्रात. पण फाइलमध्ये असतो प्रोग्राम आणि चित्रं. चिप कुठून आणायची? म्हणून चांगल्या फ्लॅश कॅसेटमध्ये एफपीजीए नावाची चिप बसवतात. ती आधी कोरी असते. जो आराखडा द्याल तशी तिची आतली जोडणी होते. मारिओ ३ निवडला की ती एमएमसी ३ बनते, दुसरा गेम लावला की दुसरीच कुणीतरी. बहुरूपीच म्हणा ना!

हे सोंग नेहमीच सोपं नसतं. निन्टेन्डोच्याच पुढच्या यंत्रावरच्या, म्हणजे 'सुपर निन्टेन्डो'वरच्या, १९९३ च्या 'स्टार फॉक्स'ची कॅसेट बघा. खालच्या कडेला दोन्ही टोकांना जादा सोनेरी पट्ट्या दिसतात. त्या आतल्या सुपर एफएक्स चिपसाठी. त्रिकोण जोडून विमानं काढायची हिशेबाची कामं ही चिप करते. यंत्राचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा, चिप साधारण १०.५ ची. मदतनीस मालकापेक्षा तरबेज! म्हणूनच या यंत्राच्या एका नामांकित फ्लॅश कॅसेटवर 'स्टार फॉक्स' कित्येक वर्षं चालतच नव्हता. २०१८ मध्ये एका हौशी माणसानं तिच्यासाठी सुपर एफएक्सचा आराखडा लिहिला, तेव्हा विमान उडालं.

आणि आराखडा असूनही कधी कधी घोडं अडतं. कोनामीच्या १९८९ च्या 'अकुमाजो देन्सेत्सु'च्या कॅसेटमध्ये संगीतासाठी तीन जादा आवाजांची चिप आहे. फॅमिकॉमचा आवाज टीव्हीकडे जाताना कॅसेटमधून वळसा घेतो, वाटेत हे तीन आवाज त्यात मिसळतात. काही नकली यंत्रांत ती वाट जोडलेलीच नसते. तिथे तुमची फ्लॅश कॅसेट कितीही भारी असू दे, गेम चालेल, पण गाणं अर्धवटच वाजेल.