तेवीस की बत्तीस?

दोस्तांनो, तुमच्या घरी पहिली-दुसरीतलं एखादं भावंड आहे? मग त्याला सहज सांगून पाहा, ‘तेवीस लिही रे!’ पुष्कळदा पाटीवर ३२ उमटतात. लगेच हसू नका हं! पोरगं चुकलं खरं, पण नीट कान देऊन चुकलं. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि वीस मागून, म्हणून त्यानं ३ आधी लिहिले. इंग्रजीत ‘ट्वेंटी थ्री’, तिथं वीस पुढं. कन्नडमध्ये ‘इप्पत्तमूरु’, म्हणजे वीस-तीन. जर्मन मुलं मात्र आपल्यासारखीच अडकतात. त्यांच्याकडेही ‘तीन आणि वीस’ असंच म्हणतात!

मी दुसरीला शिकवते. पाटीवर अशा दोन-चार फुल्या पडल्या आणि वर्ग हसला, की सात वर्षांचं मूल मनाशी ठरवून टाकतं, ‘मला गणित येत नाही.’ हे एकदा ठरलं, की ते पुसायला फार कष्ट पडतात. म्हणून आमच्या वर्गात आकडा लिहिण्याआधी तो हातात घ्यायचा.

त्यासाठी लागतात खराट्याच्या काड्या आणि रबरबँड, बस्स! दहा काड्या झाल्या की घाल रबर, झाला गठ्ठा. हा दशक. उरलेल्या काड्या सुट्ट्या. मी ‘तेवीस’ म्हटलं की डावीकडे दोन गठ्ठे, उजवीकडे तीन काड्या. आता डोळ्यांसमोर जे आहे तेच डावीकडून लिहायचं. बत्तीस मांडायला तीन गठ्ठे लागतात, हे हातालाच कळतं.

खरी मजा वजाबाकीत येते. ३२ मधून ५ काढा! समोर तीन गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या दोनच. पाच द्यायच्या कुठून? वर्गात शांतता. कुणी शेजाऱ्याकडे उसनवारी करू पाहतं, एखादा गठ्ठ्यातली काडी हळूच उपसून काढतो. मी गप्प बसते. (हे गप्प बसणं भारी कठीण असतं बरं का!) मग कुठूनतरी रबर सुटल्याचा ‘टप्प’ आवाज येतो. ‘बाई, गठ्ठा सोडला तर चालेल?’ चालेल की! आता सुट्ट्या झाल्या बारा. पाच दिल्या, सात उरल्या, दोन गठ्ठे तसेच. सत्तावीस! तुम्ही वहीत हातचा घेता ना, तो हाच सोडलेला गठ्ठा.

हा घोळ मोठ्यांनाही माहीत आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही वाचन दिलं होतं. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या. केवढी टीका झाली, टिंगल झाली, विधानसभेतही विषय गाजला! मला विचाराल तर ‘वीस तीन’ ही शिडी आहे. चढून झाली की बाजूला ठेवावी. बाजारात ‘तेवीस रुपये’च ऐकायचे आहेत, तेव्हा तेही कानाला हवंच.

आणि आपले जुने शब्द काही कमी गमतीचे नाहीत. ‘एकोणतीस’ घ्या. तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस. दोन गठ्ठे आणि नऊ काड्या असलेलं मूल ‘एक द्या, एक द्या’ म्हणत वर्गभर फिरतं. ती एक काडी मिळाली की तिसरा गठ्ठा तयार!

वर्षाच्या शेवटी नऊ गठ्ठे, नऊ काड्या मांडतो आणि एक काडी वर ठेवतो. सुट्ट्यांचा गठ्ठा होतो, गठ्ठे होतात दहा, आणि ते सगळे सुतळीनं बांधले की शंभराची मोळी. ती उचलायला रांग लागते! त्यातच मग एखादी चिमुरडी विचारते, ‘बाई, एकोणतीस, एकोणनव्वद, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही?’

सांगा बघू, काय उत्तर द्याल?